उंची मोजली, माणसं मोजायची राहिली

लष्करी विमानतळाच्या परिसरात इमारत उभी करायची तर हवाई दलाचं ना हरकत पत्र लागतं. ते हातात पडलं की आर्किटेक्टची नजर एकाच आकड्याकडे जाते: इमारतीचा सर्वांत वरचा बिंदू समुद्रसपाटीपासून अमुक मीटरच्या वर जाता कामा नये. आकडा सोयीचा निघाला की पत्र फायलीला लागतं आणि काम सुरू होतं. त्या इमारतीत गोदाम असणार की बालवाडी, याच्याशी पत्राला देणंघेणं नसतं. रात्री तिथे दोन पहारेकरी झोपणार की दोनशे कुटुंबं, हेही कोणी विचारत नाही.

याचं कारण सरळ आहे. उंचीचा नियम विमान वाचवण्यासाठी केलेला आहे. वैमानिकाच्या वाटेत काही आडवं येऊ नये, एवढंच तो पाहतो. विमान वाटेत काही आडवं न येताही पडू शकतं आणि ते पडतं तेव्हा खाली कोण असावं, किती जण असावेत, हे ठरवणं शहर नियोजनाचं काम आहे. आपल्याकडे महापालिका ते काम हवाई दलाच्या पत्रावर सोडून मोकळी होते, आणि हवाई दल म्हणतं की जमिनीचा वापर ठरवणं आमच्या अखत्यारीत नाही. दोघांचंही म्हणणं कागदावर बरोबर आहे. मधली जागा मात्र रिकामी राहते आणि नेमकी तीच भरवस्तीनं भरते. पुण्यात लोहगावच्या हवाई दलाच्या विमानतळाभोवती हे ढळढळीत दिसतं, म्हणून इथे उदाहरण लोहगावचं घेतलं आहे. नाशिकजवळच्या ओझरला किंवा नागपूरच्या सोनेगावला गावांची नावं बदलतील, भूमिती तीच राहील.

आधी उंचीचं गणित, कारण वादाची सुरुवात नेहमी तिथून होते. ३० सप्टेंबर २०१५ ला केंद्राच्या नागरी विमान वाहतूक मंत्रालयानं विमानतळांजवळच्या बांधकामाच्या उंचीचे नियम अधिसूचित केले. ते नागरी आणि लष्करी अशा दोन्ही विमानतळांना लागू आहेत. नागरी विमानतळासाठी ना हरकत विमानतळ प्राधिकरण देतं, लष्करी विमानतळासाठी संरक्षण दलाचे अधिकारी. नियमांच्या मुळाशी हवेत कल्पिलेले काही पृष्ठभाग आहेत. मोठ्या, उपकरणांच्या मदतीनं उतरण्याची सोय असलेल्या धावपट्टीचा आंतरराष्ट्रीय मापदंड असा: धावपट्टीच्या टोकापुढे ६० मीटरवरून एक उतरंडीचा पृष्ठभाग सुरू होतो आणि पहिले ३,००० मीटर तो शंभराला दोन या चढानं वर जातो. हाच तो फनेल. तो पुढे जाताना दोन्ही बाजूंना रुंद होत जातो. विमानतळाभोवती ४ किलोमीटरपर्यंत ४५ मीटर उंचीवर एक सपाट छत असतं, त्याच्या कडेनं शंकूसारखा चढ, आणि त्याहून बाहेर १५ किलोमीटरपर्यंत १५० मीटरचं दुसरं छत.

आता एखादा प्लॉट घ्या. धावपट्टीच्या टोकापासून सरळ रेषेत १ किलोमीटर. ६० मीटर वजा केले की ९४० उरतात; त्याचे शंभराला दोन म्हणजे १८.८ मीटर. ही उंची जमिनीपासून नाही, धावपट्टीच्या टोकाच्या पातळीपासून आहे. प्लॉटची जमीन त्या पातळीहून ६ मीटर उंच असेल तर हातात उरले १२.८ मीटर. त्यात जोतं आलं, मजले आले, जिन्याची माडी, लिफ्टची खोली, पाण्याची टाकी, टाकीवरचा वीजरोधक दांडा हे सगळं आलं. तीन मजल्यांच्या वर जायचं तर टाकी गच्चीवरून खाली घ्यावी लागेल. हाच प्लॉट सखल भागात, धावपट्टीहून ५ मीटर खाली असेल तर २३.८ मीटर मिळतात आणि तिथे सहा मजले सहज बसतात. शेजारशेजारच्या दोन गटांना वेगळी परवानगी का मिळाली, यावरून भावकीत भांडणं होतात आणि अधिकाऱ्यावर पैसे खाल्ल्याचा आरोप होतो. बऱ्याचदा कारण एवढंच असतं की एक गट ओढ्याकडे उतरतो आणि दुसरा टेकाडावर आहे.

चुका होतात त्याही इथेच. जागेची समुद्रसपाटीपासूनची उंची मान्यताप्राप्त खुणेपासून मोजून आणायची असते. ती मोबाइलच्या नकाशावरून काढून अर्जात भरली की पाच-सात मीटरचा फरक सहज पडतो. पत्र जमिनीच्या मूळ पातळीवर मिळतं, आणि नंतर भराव टाकून जोतं दीड मीटर वर घेतलं जातं. इमारत नियमात बसते, पण ती बांधायला उभी केलेली टॉवर क्रेन बसत नाही. तिच्यासाठी वेगळी, मुदतीची परवानगी लागते हे कंत्राटदाराला कोणी सांगितलेलं नसतं. भोगवटा, म्हणजे इमारत वापरायची परवानगी, मिळाल्यावर वर्षभरात सोसायटी गच्चीवर मोबाइल कंपनीचा मनोरा बसवू देते, कारण भाडं चांगलं येतं. आपली महापालिका उंची तपासते ती नकाशावर. शेवटचा स्लॅब पडल्यावर आणि भोगवटा देण्याआधी यंत्र लावून शेंड्याची समुद्रसपाटीपासूनची पातळी मोजली, ती संख्या भोगवटा प्रमाणपत्रावर छापली, तर यातल्या निम्म्या भानगडी उद्भवणारच नाहीत. सर्वेक्षकाचं एक दिवसाचंही काम नाही ते.

पण हे सगळं अर्ज करणाऱ्यासाठी. गुंठेवारीत दोन गुंठे घेऊन, रात्रीत स्लॅब टाकून चार मजले चढवणारा ना हरकत मागायला जातच नाही. नियम पाळणारा बिल्डर बावीस मीटरवर अडून बसतो, आणि त्याच्या मागच्या गल्लीत बिनपरवाना घरांची दाटी वाढत राहते. उंची कमी, म्हणून विमानाला त्रास नाही. म्हणून हवाई दलही गप्प. पुढे केव्हातरी गुंठेवारी नियमित करण्याची मुदत वाढते आणि ती दाटी कायदेशीर होते. एकट्या उंचीवर बेतलेली व्यवस्था या वस्तीला सुरक्षित समजते. खरं तर फनेलखाली बुटकी, दाट, अरुंद बोळांची वस्ती ही सर्वांत वाईट गोष्ट. तिथे अग्निशमनाचा बंबसुद्धा शिरत नाही.

विमानं पडतात कुठे, याचा अभ्यास अमेरिकेच्या संरक्षण खात्यानं पन्नास वर्षांपूर्वीच केला. लष्करी तळांजवळचे अपघात नकाशावर मांडले तेव्हा ते गोलाकार विखुरलेले निघाले नाहीत. धावपट्टीच्या दोन्ही टोकांपुढे, तिच्या मध्यरेषेच्या आजूबाजूला त्यांची गर्दी होती, आणि टोकापासून लांब जावं तशी ती विरळ होत होती. त्यावरून १९७३ पासून तिथे तीन पट्टे आखतात. मोठ्या लढाऊ विमानांच्या धावपट्टीसाठी पट्ट्याची रुंदी ३,००० फूट, म्हणजे ९१४ मीटर. मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना ४५७ मीटर. टोकापासून पहिले ९१४ मीटर पूर्ण मोकळे. पुढचे १,५२४ मीटर पहिला अपघात पट्टा, त्यापुढचे २,१३४ मीटर दुसरा. असे एकूण ४,५७२ मीटर. पहिल्या पट्ट्यात घरं नाहीत, शाळा नाही, दवाखाना नाही. गोदाम, पार्किंग, शेती, ज्वालाग्राही नसलेला कारखाना चालतो, तोही एकरी २५ माणसांच्या आसपास राहील असा. दुसऱ्या पट्ट्यात एकरी एखाद-दोन सुटी घरं आणि विरळ व्यवसाय चालतात, एकरी ५० माणसांपर्यंत. शाळा-रुग्णालय तिथेही नाही.

हा पट्टा आपल्या इतिहासावर ठेवून पाहण्यासारखा आहे. ३ मे २००२ ला जालंधरमध्ये मिग-२१ विमान एका बँकेच्या इमारतीवर कोसळलं. वैमानिक उडी मारून वाचला, खालची किमान आठ माणसं गेली. २७ जून २०१९ ला अंबाल्याहून उडालेल्या जॅग्वारला पक्षी धडकला. वैमानिकानं विमान हलकं करण्यासाठी इंधनाच्या जादा टाक्या आणि सरावाचे बॉम्ब टाकून दिले आणि विमान सुखरूप उतरवलं. टाकलेला ऐवज वस्तीजवळ पडला. लढाऊ विमानाच्या बाबतीत नुसतं विमान पडण्याचाच धोका नसतो, विमान वाचवण्यासाठी जे टाकलं जातं तेही खाली येतं. १४ ऑक्टोबर २०१४ ला लोहगावचं सुखोई-३० पुण्याजवळ थेऊर परिसरात पडलं, ४ जून २०२४ ला दुसरं सुखोई निफाड तालुक्यात शिरसगावला. दोन्ही शेतात. दोन्ही वेळा वैमानिक वाचले आणि आपण सुटकेचा निःश्वास टाकून पुढे गेलो. २१ जुलै २०२५ ला ढाक्यात हवाई दलाचं प्रशिक्षण विमान उड्डाणानंतर काही मिनिटांत शाळेवर पडलं तेव्हा खाली शेत नव्हतं. तीसहून अधिक जीव गेले, बहुतेक मुलं. आणि अहमदाबादचं १२ जून २०२५ चं विमान नागरी होतं, तरी धावपट्टीच्या टोकापासूनचं अंतर बघा: वैद्यकीय महाविद्यालयाचं वसतिगृह दीड-पावणेदोन किलोमीटरवर, जवळपास मध्यरेषेच्या वाटेवर. वर सांगितलेल्या मापानं तो पहिला अपघात पट्टा होतो. त्या इमारतीची उंची नियमात होती की नव्हती, या प्रश्नाला त्या दुपारी काही अर्थ नव्हता.

लोहगावची धावपट्टी साधारण पूर्व-पश्चिम आहे, लांबी सुमारे अडीच किलोमीटर. पश्चिमेच्या टोकापुढे धानोरी-कळसचा भाग येतो, पूर्वेचं टोक वाघोलीच्या दिशेला. लोहगावचा उरलेला भाग २०१७ मध्ये महापालिकेत आला, वाघोली २०२१ मध्ये. म्हणजे या पट्ट्यांमधली बरीच जमीन अलीकडेपर्यंत ग्रामपंचायतीच्या शिक्क्यावर वाढली आणि आता तिला शहराचा एफएसआय, म्हणजे भूखंडाच्या किती पट बांधकाम करता येईल तो आकडा, लागू होतो. एक एकर म्हणजे ४,०४७ चौरस मीटर. राज्याच्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत विरळ भागाचा मूळ एफएसआय १.१ आहे; त्यानं सुमारे ४,४५० चौरस मीटर बांधकाम मिळतं. ६५ चौरस मीटरचा एक फ्लॅट धरला तर अडुसष्ट फ्लॅट, घरटी चार माणसं धरली तर २७० माणसं. रस्ता आणि मोकळी जागा सोडून ढोबळ हिशोब केला तरी, आणि अधिमूल्य भरून मिळणारा एफएसआय, टीडीआर (एका जमिनीवरचा बांधकामाचा हक्क दुसरीकडे वापरण्याची सोय) वगैरे न धरताही, हे प्रमाण एकरी २५ च्या दहापट जातं. उंचीच्या मर्यादेमुळे माणसं कमी होतील, हा भाबडा समज आहे. उंची अडली की बिल्डर तेवढंच क्षेत्रफळ आडवं पसरवतो, मोकळ्या जागा किमान ठेवतो, फ्लॅट लहान करतो.

मग शहरानं घरं बांधायची कुठे, हा पहिला आक्षेप. तो मोजून पाहावा. ९१४ गुणिले ४,५७२ मीटर म्हणजे ४.२ चौरस किलोमीटरला जरा कमी. दोन्ही टोकांचे मिळून साडेआठच्या आत. हद्दवाढीनंतर पुणे महापालिकेचं क्षेत्र ५०० चौरस किलोमीटरच्या आसपास गेलं आहे. म्हणजे प्रश्न शहराच्या दोन टक्क्यांहूनही कमी जमिनीचा आहे, आणि त्यातलाही काही भाग लष्कराच्याच ताब्यात. एवढी जमीन विरळ ठेवली तर शहराचा घरांचा प्रश्न बिघडणार नाही. ती विरळ ठेवली नाही तर मात्र एका दुपारी काय होऊ शकतं, ते वर आलंच आहे.

दुसरा आक्षेप जमीनमालकाचा, आणि तो खरा आहे. लष्करासाठी आमची जमीन का अडवता? अडवायचीच तर मोबदला द्या. १९०३ च्या वर्क्स ऑफ डिफेन्स ॲक्टमध्ये बांधकामावर निर्बंध घालण्याची सोय आहे, तशीच नुकसानभरपाईचीही. प्रत्यक्षात निर्बंध लगेच लागतात आणि भरपाईचा कागद हलत नाही. विमानतळाच्या हद्दीपासून १०० मीटर आणि दारूगोळ्याच्या साठ्यापासून, म्हणजे सगळे ज्याला बॉम्ब डम्प म्हणतात त्यापासून, ९०० मीटर अशी बांधकामबंदी असते. ९०० मीटर त्रिज्येचं वर्तुळ म्हणजे अडीच चौरस किलोमीटर. त्यात वडिलोपार्जित तीन एकर सापडलेल्या शेतकऱ्याला ना विकता येतं ना बांधता येतं. शेवटी तो गुंठे पाडून नोटरीवर विकतो. बंदीनं वस्ती थांबत नाही, ती फक्त बेकायदा होते. हे पाप मोबदला न देणाऱ्या व्यवस्थेचं आहे.

बॉम्ब डम्पचं अंतर दैवी नाही, हेही इथे सांगायला हवं. स्फोटापासूनचं सुरक्षित अंतर हे साठ्याच्या वजनाच्या घनमुळाच्या प्रमाणात ठरतं. साठा आठपट झाला की अंतर दुप्पट. उलट, एका ठिकाणचा साठा आठव्या हिश्श्यावर आणला की अंतर निम्मं. साठा लहान लहान, मातीनं झाकलेल्या कोठारांत विभागला तर वर्तुळ आक्रसतं. म्हणून शहरानं हवाई दलाला नुसतं 'हद्द कमी करा' म्हणण्यात अर्थ नाही, आणि आमदारांनी तशी पत्रं पाठवण्यातही नाही. मागणी अशी हवी: साठ्याची फेरमांडणी करून अंतर किती कमी होईल, त्याला खर्च किती येईल, तो कोण उचलेल. शंभर-दोनशे एकर जमीन मोकळी होत असेल तर त्या खर्चात राज्यानं वाटा घ्यायला हरकत नसावी.

अपघात पट्ट्यांसाठी मोबदल्याचं साधन आपल्याकडे तयार आहे, टीडीआर. आरक्षणाखालच्या जमिनीला टीडीआर मिळतो, वारसावास्तूंना मिळतो. मग पट्ट्यातल्या मालकाला त्याचा न वापरता येणारा एफएसआय शहरात दुसरीकडे विकता का येऊ नये? अट दोनच. तो टीडीआर पट्ट्याबाहेरच वापरायचा, आणि विकल्यावर मूळ गटाच्या सातबाऱ्यावर 'इतर हक्क' सदरात निर्बंधाची नोंद कायमची चढवायची. नोंद नसेल तर वीस वर्षांनी नवा खरेदीदार, नवा नगरसेवक आणि जुनी फाईल गहाळ, असा खेळ ठरलेला आहे.

आधीच राहणाऱ्यांचं काय? त्यांना उठवावं असं कोणी म्हणत नाही आणि ते शक्यही नाही. उशीर झाल्यावर काय किंमत पडते, याचा दाखला अमेरिकेतल्या व्हर्जिनिया बीचचा आहे. ओशियाना या नौदल तळाभोवती शहरानं वर्षानुवर्षं घरं होऊ दिली. २००५ मध्ये लष्करी तळांचा फेरविचार करणाऱ्या आयोगानं बजावलं की पट्ट्यातली वाढ थांबवा, नाहीतर विमानं फ्लोरिडाला हलवू. मग राज्य आणि शहर मिळून वर्षाला दीड कोटी डॉलर काढून पट्ट्यातल्या मालमत्ता, विकायला तयार असलेल्यांकडून, विकत घेत बसले. ६ एप्रिल २०१२ ला त्याच तळाचं एफ-१८ विमान दोन्ही इंजिनं बंद पडून एका निवासी संकुलावर कोसळलं. कोणी मेलं नाही, हा योगायोग. आपल्याकडे एवढा पैसा नाही. म्हणून तर मोकळी जमीन मोकळी असतानाच निर्णय घेणं आपल्याला जास्त गरजेचं. जुन्या वस्तीत तीनच गोष्टी करता येतात: पुनर्विकासात सदनिकांची संख्या वाढू द्यायची नाही, गुंठेवारी नियमित करताना पट्टा वगळायचा, आणि शाळा-पाळणाघरं-दवाखाने टप्प्याटप्प्यानं बाहेर न्यायचे. तिसरी गोष्ट सर्वांत आधी.

आवाजाबद्दल थोडक्यात, कारण त्याची ओरड भरपूर होते पण उपाय चुकीच्या टोकाला शोधला जातो. आपल्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागाला दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. आफ्टरबर्नर (इंजिनाचा जोर वाढवणारी यंत्रणा) लावून उडणाऱ्या लढाऊ विमानाला ती सांगून उपयोग नाही. अमेरिकी पद्धतीत दिवसरात्रीची सरासरी काढतात आणि रात्री दहा ते सकाळी सात या वेळेतल्या आवाजाला १० डेसिबल जादा धरतात. म्हणजे रात्रीचं एक उड्डाण दिवसाच्या दहा उड्डाणांबरोबर. सरासरी ६५ च्या वर गेली की त्या रेषेच्या आत निवास योग्य नाही असं मानतात. अगदीच बांधायचं तर भिंती-खिडक्यांनी आवाज २५ ते ३० डेसिबल उतरवला पाहिजे. आपली साधी सरकती खिडकी बंद असताना वीसेक डेसिबल उतरवते, उघडी असताना त्याच्या निम्मेच. दुहेरी काच बसवणारे बिल्डर फुशारकी मारतात, पण ती काच बंद ठेवायची तर हवेची यांत्रिक सोय हवी, आणि ती नसल्यामुळे मे महिन्यात पहिल्याच रात्री खिडकी उघडते. काचेवरचे पैसे पाण्यात. निवासी वापरच न देणं हा त्यावरचा स्वस्त उपाय आहे.

पक्ष्यांचं तर आणखी थोडक्यात. विमान नियमावलीतल्या नियम ९१ नं विमानतळाच्या १० किलोमीटरच्या आत उघड्यावर जनावर कापायला आणि पक्षी जमतील असा कचरा टाकायला कधीच मनाई केली आहे. घारी या नियमाची प्रत वाचत नाहीत. कोपऱ्यावरच्या कचऱ्याच्या ढिगावर त्या बरोबर येतात. विकास आराखड्यात कचरा हस्तांतर केंद्र, मासळी-मटण बाजार, उघड्या टाक्यांचा मैलापाणी प्रकल्प यांची आरक्षणं टाकताना हा १० किलोमीटरचा घेर कोणी काढत नाही, ही खरी गोम.

तर करायचं काय, आणि कोणत्या टप्प्यावर? ना हरकत ही इमारतीच्या पातळीवरची गोष्ट आहे, ती शेवटी येते. जमिनीचा वापर त्याच्या दहा वर्षं आधी, आराखड्यात ठरलेला असतो. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ प्रमाणे नियोजन प्राधिकरण कलम २३ खाली आराखड्याचा इरादा जाहीर करतं, कलम २५ खाली सध्याच्या जमीनवापराचा नकाशा बनवतं आणि कलम २६ खाली प्रारूप प्रसिद्ध करून हरकती मागवतं. हवाई दलाशी बोलणं व्हायला हवं ते कलम २५ च्या टप्प्याआधी. त्या वेळी चार गोष्टी लेखी मागायच्या: धावपट्टीच्या दोन्ही टोकांचे अक्षांश-रेखांश आणि पातळी, पुढच्या पंचवीस वर्षांतला धावपट्टीच्या विस्ताराचा इरादा, दारूगोळ्याच्या हद्दीच्या रेषा, आणि आवाजाच्या समरेषा, म्हणजे सारख्या आवाजाची ठिकाणं जोडणाऱ्या रेषा. गुप्ततेचा मुद्दा इथे हमखास काढला जातो. पण यात विमानांचा ताफा, वेळापत्रक, साठ्याचा तपशील काहीच नाही. धावपट्टी उपग्रहाच्या चित्रात कोणालाही दिसते. पट्ट्याची रेषा लपवून शत्रूपासून काही राखलं जात नाही, लपतं ते फ्लॅट घेणाऱ्यापासून. हवाई दलाची यात मोठी चूक आहे, आणि ती देशाच्या सुरक्षेच्या नावाखाली झाकून घेऊ नये.

या माहितीवरून आराखड्यावर आणखी एक थर काढायचा. खालचा झोन निवासी असो की शेती, वरचा थर त्याच्यावर चालेल. तो थर नुसत्या रंगात नको, गट नंबरांच्या यादीत हवा, कारण कोर्टात रंग टिकत नाही. झोन दाखल्यावर आणि भाग नकाशावर तो छापून यायला हवा. आज झोन दाखला 'निवासी' एवढंच सांगतो आणि तेवढ्या शब्दावर लाखो रुपयांचे व्यवहार होतात. महारेराकडे, म्हणजे गृहप्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाकडे, प्रकल्प नोंदवताना 'हा भूखंड लष्करी विमानतळाच्या अमुक पट्ट्यात आहे' हे जाहीर करणं सक्तीचं करता येईल. अंतिम मंजूर झालेल्या आराखड्यात बदलासाठी कलम ३७ आहे, आणि महापालिका टाळाटाळ करत असेल तर राज्याला कलम १५४ खाली निर्देश देता येतात. नवा कायदा लागत नाही.

आरक्षणांची मांडणी हा या सगळ्यातला सर्वांत सोपा आणि सर्वांत दुर्लक्षित भाग. शाळा, रुग्णालय, परवडणारी घरं, नाट्यगृह, मंडई यांची आरक्षणं पट्ट्याबाहेर. पट्ट्यात बसडेपो, ट्रक टर्मिनस, शीतगृह, रोपवाटिका, सौर पॅनेलचं शेत (चकाकीची तपासणी करून). उद्यानाबद्दल मात्र सावध राहायला हवं. कागदावर ते मोकळी जागा असतं, पण रविवारी संध्याकाळी तिथे एकरी हजार माणसं असतात. तळं काढलं तर बगळे येतात. हिरवा रंग दिला की जमीन सुरक्षित झाली, असं नगररचना खात्याला वाटतं, तसं नसतं.

पुरंदरला नवा विमानतळ झाला की हा प्रश्न मिटेल असं म्हणणारे बरेच भेटतात. प्रवासी विमानं तिकडे जातील. लोहगाव हवाई दलाचंच आहे आणि ते जागेवर राहील, त्याची धावपट्टी जागेवर राहील, तिच्या टोकापुढचे साडेचार किलोमीटरही.

समाविष्ट गावांच्या आराखड्यावर हरकत घेणाऱ्यानं 'विमानांचा त्रास होतो' असं लिहून काही होणार नाही. असे अर्ज गठ्ठ्यानं निकालात निघतात. उपग्रह नकाशावर धावपट्टीची मध्यरेषा तिच्या टोकापुढे ४,५७२ मीटर वाढवा, दोन्ही बाजूंना ४५७ मीटरवर समांतर रेषा काढा, ९१४ आणि २,४३८ मीटरवर आडव्या खुणा करा. आत पडणारी शाळेची, रुग्णालयाची, घरकुलांची आरक्षणं गट नंबरासह उतरवून घ्या. प्रत्येकासमोर टोकापासूनचं अंतर आणि मध्यरेषेपासूनचं अंतर लिहा, आणि पर्यायी गट सुचवा. सुनावणीला नकाशाच्या तीन प्रती न्या: एक समितीला, एक नगररचना उपसंचालकांना, आणि एकीवर आवक-जावकचा शिक्का घेऊन स्वतःजवळ ठेवा.